जुन्या मोटरसायकलच्या इंजिनासाठी टिकाऊ व्हॉल्व्ह, गाईड आणि सीट कशी निवडावी

जुन्या मोटरसायकलचं हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, उघडलं की नजर आधी जळालेला गॅस बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हकडे जाते. कड जळालेली असते, दांडी काळी पडलेली असते, आणि तेवढाच व्हॉल्व्ह हातात घेऊन आपण नवा शोधायला निघतो. मीही बरीच वर्षं असंच करत होतो. एका ५०० सीसी सिंगलला (एका सिलिंडरच्या गाडीला) मी खास चांगल्या पोलादाचा महागडा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसवला आणि टॅपेट गॅप, म्हणजे व्हॉल्व्हचं टोक आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यात ठेवायची बारीक फट, जुन्या पुस्तकातल्या आकड्यावर लावला. पहिल्याच लांब चढावर वीस मिनिटांत गाडीची ताकद गेली आणि किकला कॉम्प्रेशन उरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनात कॉम्प्रेशन जसंच्या तसं परत आलं होतं. व्हॉल्व्ह उत्तम होता. पण तो मूळ व्हॉल्व्हपेक्षा जास्त लांबत होता, म्हणून गरम झाल्यावर सीटवर टेकतच नव्हता.

तेव्हापासून मी व्हॉल्व्ह एकटा विकत घेत नाही. व्हॉल्व्ह, त्याची दांडी ज्यात सरकते ते गाईड, मिटल्यावर तो ज्यावर टेकतो ती सीट, त्याला मिटवणारी स्प्रिंग, स्प्रिंगची कॉलर दांडीला धरून ठेवणारे कॉटर आणि त्याला ढकलणाऱ्या रॉकरचं टोक हा एकच संच आहे. त्यातला एक धातू बदलला की बाकीच्यांचं गणित बदलतं. टिकाऊ भाग म्हणजे सर्वांत कठीण किंवा सर्वांत महाग भाग नव्हे. शेजारच्या भागाशी ज्याचं जमतं, तोच टिकतो.

नवं घेण्याआधी जुनं नीट बघा

काढलेले भाग एकाच डब्यात टाकू नका. प्रत्येक व्हॉल्व्ह, त्याची स्प्रिंग, कॉलर आणि कॉटर वेगळे ठेवून चिठ्ठी लावा. व्हॉल्व्ह धुण्याआधी एकदा उजेडात पाहा, कारण बिघाड कशामुळे झाला याचा पुरावा त्या काजळीतच असतो.

तबकडीच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या रुंद तोंडाच्या, कडेला एकाच ठिकाणी खाच पडून जळालेलं असेल तर तिथून गॅस गळत होता. टॅपेट गॅप कमी पडला असेल, सीट गोल राहिली नसेल किंवा काजळीचा कण मध्ये अडकला असेल. संपूर्ण कड पातळ होऊन तबकडी कपासारखी आत ओढली गेली असेल, तर पोलाद तापून मऊ पडलं होतं. त्यामागे पातळ मिश्रण, चुकलेलं इग्निशन टायमिंग किंवा हलक्या दर्जाचा व्हॉल्व्ह असतो. तबकडीखाली, जिथे दांडी सुरू होते तिथे, दांडी बारीक झालेली दिसली तर गरम गॅसनं तिला खाल्लं आहे. असा व्हॉल्व्ह दिसायला शाबूत असला तरी पुन्हा वापरू नये. तो तुटून पिस्टनवर पडला की सगळं इंजिन जातं.

दांडीवर उभे ओरखडे आणि चिकटलेला धातू असेल तर गाईडमधली ढिलाई कमी होती किंवा तेल पोचत नव्हतं. टोक भुछत्रासारखं पसरलं असेल तर टोक मऊ होतं किंवा रॉकर चुकीच्या जागी आपटत होता. व्हॉल्व्ह नवा घातला आणि कारण तसंच राहिलं, तर काही महिन्यांनी तुम्ही पुन्हा त्याच व्हॉल्व्हकडे बघत बसाल.

मग मापं. दांडीचा व्यास मायक्रोमीटरनं तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी घ्या. गाईडचं भोक स्मॉल होल गेजनं वर, मध्ये आणि खाली मोजा. गाईड बहुधा दोन्ही टोकांना घंटेसारखं रुंदावलेलं असतं आणि रॉकर ढकलतो त्या दिशेनं अंडाकृती झालेलं असतं. त्यामुळे मधलं एकच माप घेतलं तर फसगत होते.

उष्णता बाहेर कशी जाते

हा भाग समजला की पुढची निवड सोपी होते. जोरात चालणाऱ्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची तबकडी ७०० ते ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापते. फोर स्ट्रोक इंजिन ३००० फेऱ्यांवर असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. त्या मिटलेल्या क्षणांतच त्याला आपली उष्णता टाकायची असते. ढोबळमानानं तीन चतुर्थांश उष्णता सीटवाटे जाते आणि उरलेली दांडीतून गाईडमध्ये.

सीट अरुंद केली तर बंद होणं छान होतं, पण उष्णतेची वाट आकसते. रुंद केली तर उष्णता चांगली जाते, पण दाब विभागला जाऊन काजळी चिरडली जात नाही आणि गळती सुरू होते. जुन्या एअरकूल्ड इंजिनासाठी इनलेटला १ ते १.५ मिमी आणि एक्झॉस्टला १.५ ते २ मिमी रुंदी मला योग्य वाटते. रेसिंगच्या हेडवर दिसणारी अरुंद सीट रस्त्यावरच्या गाडीच्या एक्झॉस्टला करू नका. सैल गाईडमुळे व्हॉल्व्ह तिरका बसतो, म्हणजे उष्णतेच्या दोन्ही वाटा एकदम बिघडतात. जळालेल्या व्हॉल्व्हचं मूळ पुष्कळदा गाईडमध्ये सापडतं ते यामुळे.

बीएसए एम२० सारख्या साइड व्हॉल्व्ह इंजिनांत, म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलिंडरच्या बाजूला असतात तिथे, हा प्रश्न जास्त तीव्र असतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सिलिंडरला चिकटून असतो, गरम पोर्ट बिडाच्या ब्लॉकमधून वळत बाहेर येतो आणि हवा तिथे नीट पोचत नाही. अशा इंजिनाला एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या पोलादात काटकसर करू नका, मग गाडी कितीही सावकाश चालवत असलात तरी.

व्हॉल्व्हचं पोलाद

बाजारात मिळणारे बहुतेक व्हॉल्व्ह दोन कुळांतले असतात.

पहिलं कूळ क्रोम-सिलिकॉन पोलादाचं. ब्रिटिश भागांच्या यादीत ते ईएन ५२ किंवा सिल्क्रोम या नावानं येतं. त्यात साधारण ८ ते ९ टक्के क्रोमियम आणि ३ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं. ते उष्णतोपचारानं कठीण होतं, लोहचुंबकाला चिकटतं, दांडी छान घासली जाते आणि टोक कठीण करता येतं. मात्र ६०० अंशांच्या पुढे त्याची ताकद झपाट्यानं उतरते. म्हणून इनलेटसाठी ते उत्तम आणि एक्झॉस्टसाठी अपुरं. जुन्या काळी कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनांत ते एक्झॉस्टलाही चालून जायचं, पण नवा भाग घेताना तो हिशोब धरू नका.

दुसरं कूळ ऑस्टेनिटिक, म्हणजे लोहचुंबकाला न चिकटणाऱ्या, पोलादाचं, आणि त्यातलं सर्वांत रुळलेलं नाव २१-४एन. म्हणजे २१ टक्के क्रोमियम, ४ टक्के निकेल, शिवाय ९ टक्क्यांच्या आसपास मँगनीज आणि थोडा नायट्रोजन. तापल्यावरही ते ताकद टिकवतं आणि गॅसच्या माऱ्याला पुरून उरतं. रस्त्यावरच्या जुन्या मोटरसायकलच्या एक्झॉस्टसाठी माझी पहिली पसंती हीच. पण त्याचे तीन स्वभाव ध्यानात ठेवावे लागतात.

एक, ते उष्णतोपचारानं कठीण होत नाही. टोकावर स्टेलाइट या कठीण मिश्रधातूचा थर, वेल्ड केलेला कठीण तुकडा किंवा वर कठीण टोपी हवीच. नुसतं २१-४एनचं टोक रॉकरखाली लवकर पसरतं.

दोन, त्याची उघडी दांडी बिडाच्या गाईडमध्ये चिकटण्याची प्रवृत्ती असते. म्हणून दांडीवर हार्ड क्रोमचा पातळ थर असावा किंवा ती नायट्राइड केलेली (नायट्रोजननं पृष्ठभाग कठीण केलेली) असावी. विकणाऱ्याला हे स्पष्ट विचारा आणि उत्तर मोघम आलं तर भाग परत ठेवा.

तीन, ते जास्त प्रसरण पावतं. क्रोम-सिलिकॉन पोलाद दर अंशाला दर मीटरमागे साधारण १२ ते १३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) वाढतं, तर २१-४एन सुमारे १८. समजा व्हॉल्व्हची लांबी १०० मिमी आहे आणि सरासरी तापमान ३०० अंशांनी वाढलं, तर दोघांच्या लांबीतला फरक जवळपास ०.१६ मिमी पडतो. पुष्कळ इंजिनांचा पूर्ण टॅपेट गॅपच एवढा असतो. सुरुवातीला सांगितलेल्या चढावर माझा गॅप असाच गिळला गेला होता. मूळ इंजिनात ऑस्टेनिटिक व्हॉल्व्ह असेल तर पुस्तकातला आकडा चालेल. नसेल तर गॅप वाढवून सुरुवात करा आणि भाग बनवणाऱ्याची शिफारस मिळवा. काही पुशरॉड इंजिनांत (जिथे कॅमची हालचाल लांब काठीनं रॉकरपर्यंत जाते) थंड असताना गॅप शून्य ठेवायला सांगतात. तिथे तर इंजिन पूर्ण गरम असताना पुशरॉड बोटांनी फिरतो का, हे पाहिल्याशिवाय गाडी लांब नेऊ नका.

या दोन कुळांच्या वर निमोनिक ८०ए सारखे निकेलप्रधान मिश्रधातू आहेत, मुळात जेट इंजिनांच्या गरजेतून आलेले. शर्यतीत किंवा सतत पूर्ण थ्रॉटलवर धावणाऱ्या गाडीत त्यांचा उपयोग आहे. रोजच्या किंवा रविवारच्या फेरफटक्याला ते घेण्यापेक्षा तेच पैसे गाईड आणि सीटच्या कामावर लावा. टायटॅनियमचे व्हॉल्व्ह हलके असतात, पण त्यांना खास सीट आणि वारंवार तपासणी लागते, म्हणून जुन्या रस्त्यावरच्या इंजिनात मी ते सुचवणार नाही. आणि काही जुन्या इंजिनांत पोकळ दांडीत सोडियम भरलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सापडतात. ते कापू, छेदू किंवा वितळवू नका, भंगारातही कापायला देऊ नका. सोडियमचा पाण्याशी संबंध आला की भडका उडतो.

पुष्कळ व्हॉल्व्ह दोन तुकड्यांचे असतात, म्हणजे तबकडी ऑस्टेनिटिक, दांडी क्रोम-सिलिकॉनची आणि मध्ये घर्षणानं केलेला जोड. असे व्हॉल्व्ह वाईट नसतात. मोठे उत्पादक ही पद्धत सर्रास वापरतात, आणि दांडीला बिडाच्या गाईडशी जमवून घेणं यात सोपं जातं. फक्त व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असतानाही जोड गाईडच्या आतच राहायला हवा, गॅसच्या झोतात येता कामा नये.

मापं जुळवताना

"याच मॉडेलचा आहे" एवढ्या शब्दावर व्हॉल्व्ह घेऊ नका. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक दांडीचा व्यास किंवा कॉटरची खाच बदललेली असते. एकूण लांबी, टोकापासून खाचेपर्यंतचं अंतर, दांडीचा व्यास, तबकडीचा व्यास, सीटचा कोन आणि खाचेचा आकार ही सहा मापं कागदावर लिहून मगच शोध सुरू करा. सीटचा कोन बहुतेक ठिकाणी ४५ अंश असतो, काही इंजिनांत इनलेटला ३० अंश असतो.

टोकापासून खाचेपर्यंतचं अंतर माणसं विसरतात, आणि तेच सर्वांत त्रास देतं. ते कमी असलं तर रॉकर कॉलरला घासतो आणि कॉटर उडवू शकतो.

इंची आणि मेट्रिकचा घोळ मात्र कधीकधी कामाला येतो. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी. त्यामुळे घासलेलं ५/१६ चं गाईड रीमरनं साफ करून ८ मिमी दांडीचा व्हॉल्व्ह बसवता येतो, कारण फरक जेमतेम ०.०६ मिमी आहे. दुसऱ्या इंजिनाचा व्हॉल्व्ह आणून लांबी कमी करणं आणि नवी खाच पाडणं ही जुनी युक्ती आहे. ती जमते, पण लांबी कापली की टोकाचा कठीण थर जातो, म्हणून वर टोपी बसवावी लागते. नव्या खाचेच्या तळाशी गोलाई ठेवावी लागते, धारदार कोपरा ठेवला तर भेग तिथूनच सुरू होते. हे काम व्हॉल्व्ह करण्याची सवय असलेल्या टर्नरकडेच द्या.

तबकडीची कड, म्हणजे सीटच्या वर उरणारी सरळ जाडी, इनलेटला किमान १ मिमी आणि एक्झॉस्टला शक्यतो १.५ मिमीच्या जवळ असावी. पातळ कड आधी लाल होते आणि मग जळते.

गाईड: बीड की ब्रॉन्झ

ब्रॉन्झचं गाईड नेहमीच सरस, असा एक समज पसरला आहे. मला तो सरसकट मान्य नाही. ब्रॉन्झ जास्त उष्णता वाहून नेतं असं म्हणतात, पण फॉस्फर ब्रॉन्झ आणि अॅल्युमिनियम ब्रॉन्झ यांची उष्णतावाहकता साध्या बिडाच्याच आसपास असते. तांबं-निकेल-सिलिकॉन घराण्यातली कोल्सिब्रोसारखी मिश्रणं मात्र खरोखरच पुढे आहेत. तेव्हा नुसत्या पिवळ्या रंगावर पैसे टाकू नका, मिश्रधातूचं नाव विचारा. नाव सांगता येत नसलेला पिवळा गोल बार कापून केलेलं गाईड काही हजार किलोमीटरमध्ये सैल झालेलं मी पाहिलं आहे.

ब्रॉन्झचा खरा फायदा प्रसरणात आहे. अॅल्युमिनियम दर अंशाला दर मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, ब्रॉन्झ १७-१८ आणि बीड ११. म्हणून अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये ब्रॉन्झचं गाईड तापल्यावरही पकड जास्त टिकवतं. बिडाच्या हेडमध्ये गोष्ट उलटी होते. ब्रॉन्झ वाढू पाहतं, पण भोवतीचं बीड त्याला फुगू देत नाही, आणि गाईडचं भोक आकसण्याकडे कल राहतो. तिथे ब्रॉन्झ घातलंच तर ढिलाई थोडी जास्त ठेवावी लागते. बिडाचं हेड किंवा बिडाचा साइड व्हॉल्व्ह सिलिंडर असेल तर मी बिडाचंच गाईड घालतो. बिडातलं ग्राफाइट स्वतःच वंगणाचं काम करतं, आणि कमी तेलाच्या जुन्या इंजिनांत ते फार मोलाचं आहे.

ढिलाईचा पुस्तकी आकडा मिळाला तर तोच पाळा. नाही मिळाला तर ८ मिमीच्या आसपासच्या दांडीसाठी इनलेटला ०.०२५ ते ०.०५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.०५ ते ०.०८ मिमी ही सुरक्षित सुरुवात आहे. ऑस्टेनिटिक दांडी आडवीही जास्त फुगते. ८ मिमी दांडीत ३०० अंशांच्या वाढीला सुमारे ०.०१३ मिमी जास्त. म्हणून २१-४एन घालताना एक्झॉस्टच्या वरच्या मर्यादेकडे झुका.

जुन्या इंजिनांना मुळात ऑइल सील नसतील तर एक्झॉस्टला घट्ट आधुनिक सील चढवू नका. निळा धूर थांबेलही, पण गाईड कोरडं पडेल. धूर घालवायचा खरा उपाय योग्य ढिलाईचं गाईड हाच आहे. इनलेटला सील एक वेळ चालेल, कारण तिथे पोकळी तेल खाली खेचत असते.

सीट आणि बिनशिशाचं पेट्रोल

शिशाच्या संयुगाचा पेट्रोलमधला उपयोग १९२१ मध्ये सापडला आणि १९२३ पासून ते पंपांवर आलं. ठोके थांबवणं हा त्याचा हेतू होता, पण एक आडफायदा झाला. शिशाच्या राखेचा पातळ थर सीटवर बसायचा आणि तापलेला व्हॉल्व्ह बिडाच्या सीटला थेट भिडायचा नाही. बिनशिशाच्या पेट्रोलमुळे तो थर गेल्यावर बिडाची सीट आणि व्हॉल्व्ह सूक्ष्म ठिकाणी चिकटतात, उघडताना कण उपटला जातो, आणि तेच कण पुढे घासकाम करतात. व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये रुतत जातो.

पण हा धोका वेग आणि भाराबरोबर वाढतो. मध्यम वेगानं चालणारी, कमी कॉम्प्रेशनची सिंगल मूळ बिडाच्या सीटवर वर्षानुवर्षं चालू शकते, कारण आधीच्या वापरात सीट कठीणही झालेली असते. म्हणून शाबूत असलेलं बिडाचं हेड केवळ भीतीपोटी पोखरून इन्सर्ट, म्हणजे सीटची वेगळी रिंग, घालू नका, असं माझं ठाम मत आहे. पातळ जागी खोदकाम पोर्टपर्यंत पोचतं, आणि स्पार्क प्लगच्या भोकाशी भेग पडली की हेड वाचवणं कठीण होतं. सीट खरंच रुतलेली किंवा जळालेली असेल, तेव्हाच इन्सर्ट.

अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये मात्र इन्सर्ट असतातच, आणि तिथे धातूची निवड मोलाची ठरते. पुन्हा प्रसरणाचा हिशोब करा. बाहेरून ४० मिमी व्यासाची रिंग आहे आणि हेड २०० अंशांनी तापलं. अॅल्युमिनियमची खोबण ०.१८ मिमी वाढेल आणि साध्या बिडाची रिंग ०.०९ मिमी. म्हणजे थंड असताना दिलेल्या ताणातला (रिंग खोबणीपेक्षा जेवढी मोठी ठेवतात तो फरक म्हणजे ताण) जवळपास ०.०९ मिमी ताण गायब. रिंग ०.१ मिमीनं मोठी बसवली असेल तर ती गरम झाल्यावर अगदी काठावर असते. निकेलयुक्त ऑस्टेनिटिक बीड सुमारे १८-१९ मायक्रॉननं वाढतं, त्यामुळे तोटा ०.०४ मिमीच्या आसपास राहतो. सीट सुटून पडण्याची भीती असलेल्या एअरकूल्ड अॅल्युमिनियम हेडला हा धातू फार चांगला. नेहमीच्या कामाला अशा व्यासाच्या रिंगला ०.१ ते ०.१५ मिमी ताण देतात. बिडाच्या हेडमध्ये त्याहून बराच कमी पुरतो, कारण दोन्ही धातू बरोबरीनं वाढतात.

बेरिलियम असलेल्या तांब्याच्या सीट काही ठिकाणी सुचवल्या जातात. त्यांची धूळ फुफ्फुसाला घातक असते. घरच्या कारखान्यात त्या घासू नका.

स्प्रिंग, कॉलर, कॉटर

इथे हात आखडता घेऊ नका आणि जास्तीची हौसही करू नका. क्रोम-सिलिकॉन किंवा क्रोम-व्हॅनेडियम तारेची, शॉट पीनिंग केलेली (पृष्ठभागावर बारीक छऱ्यांचा मारा केलेली), मूळ ताकदीची स्प्रिंग घ्या. "जास्त कडक म्हणजे जास्त चांगली" हे चूक आहे. जास्तीचा दाब कॅम, टॅपेट आणि रॉकरच्या टोकावर जातो, आणि जुन्या इंजिनाचा कॅम मिळवणं व्हॉल्व्ह मिळवण्यापेक्षा खूप अवघड असतं.

जुना न वापरलेला साठा मिळाला तर तार भिंगाखाली बघा. गंजाचा एक खड्डा पुरतो, स्प्रिंग तिथूनच तुटते. जुन्या नॉर्टन मॅन्क्स आणि वेलोसेट व्हेनमसारख्या इंजिनांत केसांच्या पिनेच्या आकाराच्या हेअरपिन स्प्रिंग असतात. मॅन्क्ससारख्या ज्या इंजिनांत त्या उघड्या असतात, तिथे गंजाची तपासणी आणखी बारकाईनं करा.

बसवताना दोन अंतरं मोजा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये एकूण किमान १ मिमी मोकळीक उरली पाहिजे, आणि कॉलरचा तळ गाईडच्या माथ्यापासून किमान १.५ मिमी दूर राहिला पाहिजे. नवं गाईड मूळ गाईडपेक्षा उंच असेल तर दुसरं अंतर चुपचाप संपतं.

कॉटर नेहमी नवे घ्या, आणि व्हॉल्व्ह व कॉलरबरोबरचेच. खाचेचा आकार आणि शंकूचा कोन दोन्ही जुळले पाहिजेत. बसल्यावर दोन अर्ध्यांमध्ये बारीक फट दिसायला हवी. अर्धे एकमेकांना टेकले असतील तर ते दांडीला पकडत नाहीत, एकमेकांनाच पकडतात.

भाग हातात आल्यावर

व्हॉल्व्ह आणून लगेच बसवू नका. लोहचुंबक दांडीच्या टोकापासून तबकडीपर्यंत फिरवा. एक्झॉस्ट म्हणून आलेल्या व्हॉल्व्हची तबकडी चुंबकाला घट्ट चिकटली तर ती ऑस्टेनिटिक नाही, परत पाठवा. दांडी चिकटते आणि तबकडी नाही, तर दोन तुकड्यांचा आहे. चिकटणं कुठे थांबतं तिथे खूण करा, म्हणजे जोडाची जागा कळेल.

टोकाच्या कडेवर बारीक कानस हलकी ओढा. ती सरकून गेली तर टोक कठीण आहे, चावली तर मऊ. दांडी व्ही ब्लॉकवर फिरवून डायल गेजनं वाकडेपणा आणि सीटचं फिरणं पाहा. सीट ०.०३ मिमीपेक्षा जास्त डोलत असेल तर मी तो व्हॉल्व्ह घेत नाही. शेवटी तबकडीखालची गोलाई बोटानं चाचपा. तिथे लेथच्या रेघा नखाला लागत असतील तर त्या पुढच्या भेगांच्या जागा आहेत.

बसवण्याचा क्रम

क्रम चुकला तर चांगले भागही वाया जातात. आधी गाईड, मग सीट, मग व्हॉल्व्ह.

जुनं गाईड काढण्याआधी पोर्टच्या बाजूला आलेली काजळी खरवडा, नाहीतर ती हेडच्या भोकातून ओढली जाऊन भोकाला ओरखडे पाडते. अॅल्युमिनियमचं हेड ओव्हनमध्ये सगळीकडून सारखं १५० ते १८० अंशांपर्यंत तापवा. एका जागी ज्योत धरू नका. नवं गाईड फ्रीझरमध्ये थंड करून पायऱ्या असलेल्या ड्रिफ्टनं (ठोकायच्या दांड्यानं) बसवा. अॅल्युमिनियममध्ये ०.०३ ते ०.०५ मिमी ताण हवा. जुनं गाईड थंड हेडमधून सहज निघालं तर भोक मोठं झालं आहे, तिथे मोठ्या बाह्य व्यासाचंच गाईड लागेल. बसवल्यावर आतलं भोक आकसतं, म्हणून रीमर किंवा होननं अंतिम माप त्यानंतरच काढा.

सीट नेहमी नव्या गाईडच्या भोकात पायलट, म्हणजे कटरला सरळ धरणारी दांडी, घालून कापा. आधी सीट कापून मग गाईड बदललं, तर दोघांचे अक्ष जुळत नाहीत आणि कितीही घासलं तरी व्हॉल्व्ह बसत नाही. ४५ अंशांच्या मुख्य सीटला वरून ३० आणि खालून ६० अंशांचे हलके काप देऊन रुंदी आणि जागा ठरवा. मार्किंग ब्लू हा खुणेचा निळा रंग लावून संपर्काची रेघ पूर्ण वर्तुळात, तबकडीच्या कडेपासून थोडी आत आली पाहिजे.

घासणं बारीक पेस्टनं आणि थोडकंच. पेस्टनं सीट घडवायची नसते, फक्त खात्री करायची असते. नंतर पेस्टचा कणही गाईडमध्ये राहू देऊ नका. रॉकेलनं, मग साबणाच्या गरम पाण्यानं धुवा आणि लगेच तेल लावा.

सीट कापल्यावर व्हॉल्व्ह जेवढा हेडमध्ये रुतला तेवढीच दांडी वर येते आणि स्प्रिंग तेवढी सैल होते. ०.८ मिमी रुतला तर स्प्रिंगखाली ०.८ मिमीचा शिम (पातळ चकती) द्या. दांडीचं टोक मात्र त्यासाठी जास्त घासू नका, कठीण थर पातळ असतो. रॉकरचा स्पर्श अर्ध्या उघडीपाशी टोकाच्या मध्याजवळ येतो का, तेही निळा लावून पाहा. शेवटी पोर्टमध्ये रॉकेल भरून दहा मिनिटं ठेवा. कंबशन चेंबरच्या बाजूला ओल दिसली तर कुठे दिसली ते बघा आणि तिथेच काम करा.

पहिले हजार किलोमीटर

इंजिन सुरू करण्याआधी दांडी आणि कॅमला हातानं तेल द्या. पहिल्या गरम-थंड फेरीनंतर हेड बोल्ट पुन्हा ताणा आणि गॅप बघा, कारण हेड बसलं की गॅप बदलतो. मग १०० किलोमीटरला, ३०० ला आणि १००० ला गॅप मोजून तारखेसह लिहून ठेवा. मोजणं नेहमी पूर्ण थंड इंजिनावर, सकाळी.

या वहीत इंजिनाची खरी तब्येत दिसते. पहिल्या दोन मोजण्यांत गॅप थोडा कमी होऊन स्थिरावला तर नवी सीट बसली, ठीक आहे. गॅप वाढत असेल तर टोक, रॉकर किंवा कॅम झिजत आहे. पण गॅप प्रत्येक वेळी कमीच होत गेला, तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुततो आहे किंवा दांडी लांबते आहे. एक्झॉस्टचा गॅप हजार किलोमीटरनंतरही दर मोजणीला कमी होताना दिसला, तर नुसता गॅप लावून पुढे जाऊ नका. हेड उतरवा आणि व्हॉल्व्हची एकूण लांबी पहिल्या दिवशी लिहिलेल्या मापाशी ताडून बघा. लांबी वाढलेली असेल तर पोलाद कमी पडलं. लांबी तेवढीच असेल तर सीट खाल्ली गेली, आणि आता इन्सर्टची वेळ आली आहे.